वाऱ्याचे बगळे

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या बागेतले पत्र्याचे बगळे दिसतात. उंच खांबावर बसवलेले, वारा आला की पंख हलवणारे. वारा नसला की ते गप्प उभे राहत, आणि त्या गप्प राहण्यामुळेच मला ते जिवंत वाटत. त्यांचे पंख जोरात हलू लागले की मी गच्चीवर जाऊन, वाळत घातलेल्या पापडांवर जुनी साडी पसरून कडेला दगड ठेवायची. इतका विश्वास.

काल दुपारी पंख हलताना दिसले म्हणून धावत वर गेले, तर गच्चीवर झुळूकही नव्हती. खाली उतरून बागेतल्या माळीकाकांना विचारलं.

"मोटर बसवलीय ना, ताई! हलले नाहीत की लोक म्हणायचे, बंद पडलेत."

बगळ्यांचा जीव हलण्यात नव्हताच हो, वाऱ्याच्या हाकेला ओ देण्यात होता. तो काढून घेतला, आणि मला साधं कळवलंही नाही कुणी.

मी परत वर पोचेपर्यंत खरा वारा सुटला. पिंपळ सळसळला, माझे पापड गच्चीभर उडाले. बगळे मात्र त्याच ठरलेल्या लयीत पंख हलवत राहिले, वाऱ्याला ओळखसुद्धा न दाखवता.