शुभदाने सोडवून आणलेला घोडा

शुभदा गेल्याचं तिच्या मुलाने पर्थहून फोनवर सांगितलं. झोपेतच, हार्ट अटॅकने. "मावशी, आय कान्ट कम. कोविडमुळे राज्याची बॉर्डर बंद आहे," एवढं बोलून तो रडायलाच लागला. टूनगॅबी उपनगरात आमची घरं चालत जाण्याइतकी जवळ, पण तिचा शेवटचा निरोप मीही लॅपटॉपवरच घेतला... मास्क लावलेली, लांब लांब बसलेली मोजकी माणसं.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी शुभदा एका सहकाऱ्याबरोबर सहज जनावरांचा लिलाव बघायला गेली आणि रेसमधून बाद झालेला घोडा घेऊन परतली. तिच्याविरुद्ध बोली लावणारा माणूस कत्तलखान्याचा होता. शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या कुरणात तिने घोड्याला ठेवलं आणि नाव दिलं बंडू!

मला ते पटलं नव्हतं. "अगं, एक वाचवलास, बाकीच्यांचं काय? सगळ्यांना पोसणार कोण? उपाशी, लंगडत जगण्यापेक्षा झटकन आलेलं मरण बरं नाही का?"

ती चहा गाळत होती. "असेलही. पण तो माझ्याकडे बघत होता गं. मला तिथून निघताच येईना."

लॉकडाऊनमध्ये जनावरांची देखभाल करायला जाता यायचं. फोनवर एकदा हसत म्हणाली, "आठवडाभरात मास्क काढून मी बोलते ते फक्त बंडूशी."

ती गेल्यावर शेतकऱ्याने मला विचारलं, "म्हातारा झालाय, मेट. कोणी घेणार नाही. शेवटचं इंजेक्शन द्यायला व्हेटला बोलावू?" मुलगा म्हणाला, "तूच ठरव, मावशी." माझं जुनं म्हणणं मला अजूनही चूक वाटत नव्हतं. तरी शेतकऱ्याला म्हटलं, "थांब. आधी मी येऊन बघते."

बंडू कुरणाच्या पार टोकाला पाठमोरा उभा होता. इंग्रजीत हाका मारल्या, तो ढिम्म. मग तोंडातून सहज निघालं, "ये रे सोन्या, ये..." त्याचे कान ताठ झाले. दुखरा पाय ओढत तो जवळजवळ धावतच आला. कुंपणापाशी थांबला, मला हुंगलं आणि माझ्या खांद्यावरून मागे गाडीकडे बघत राहिला.

व्हेटला बोलावलं नाही. आता रविवारी मी जाते, गाजरं देते, मराठीत काहीबाही बोलते. तो ऐकून घेतो... आणि गाडीचं दुसरं दार उघडायची वाट बघतो.