बैलजोडीची वाटणी

माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याची पहिल्या बायकोशी फारकत होऊन वर्ष उलटलं होतं. ती आमच्याच गावात, किन्हीराजात, भावाकडे राहायची. शेत आणि बैल नवऱ्याचे, असं पंचांनी ठरवलं. पण मळ्यातली विहीर दोघांनी मिळून खणलेली, उन्हाळाभर तिने डोक्यावरून माती वाहिलेली. म्हणून विहिरीलगतचा पट्टा तिला मिळाला, आणि दर तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिच्या वांग्यांसाठी मोट हाकायची असं ठरलं.

सगळं न्यायाला धरून होतं, पण मला ते बघवत नसे. माझ्या पाण्याच्या पाळीला नवरा बैलांवर खेकसायचा. तिच्या पाळीला गाणं म्हणायचा. ती खाली मान घालून पाणी वळवायची, त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा. हेवा होता तो, दुसरं काही नाही.

एकदा विचारलंच, "माह्या पाळीले गानं काहून नाई सुचत तुमाले?"

तो गोंधळला. "मी गानं म्हन्तो?"

मी त्याला न सांगता पंचांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बैलबी दोघायनंच पोसले. एक देऊन टाका तिले. पन माह्या नवऱ्यानं तिची मोट हाकू नये."

"ईचार कर, बाई," म्हातारे पंच म्हणाले.

विचार कसला? नवरा दुसरा बैल आणेल, तिचं ती बघेल. धाकटा बैल तिच्याकडे गेला त्या दिवशी मी पुरण घातलं.

एका बैलाला मोट ओढवत नाही. वाफे सुकायला लागले, तशी चौथ्या दिवशी ती बैल घेऊन विहिरीवर आली. नवऱ्याला म्हणाली, "तुमचा लावा, माहा लावते. दोघायचं भिजन." तीन दिवसांतून एकदा दिसणारी बाई आता रोज यायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवरा बैल बघायला शेलूबाजारला जायचा आणि हात हलवत परत यायचा. एकाचं शिंग वाकडं, एकाचा खूर वाईट, एक मारका. दोन वर्षं असंच चाललं. शेवटी मी माहेरच्या पाटल्या मोडल्या आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. संध्याकाळी बाजारातून येऊन ते सगळे त्याने माझ्या ओंजळीत परत दिले.

"मनासारखा बैल नाई भेटला," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर मी त्याला कधी बाजाराला धाडलं नाही.