आडवा चमचा

"पाहुणा पेल्यावर चमचा आडवा ठेवत नाही, तोवर चहा ओतत राहायचं," असं नेज्देतदादा आम्हाला शिकवायचा. तुर्कस्तानातून येऊन त्याने जर्मनीत बेकरी काढली, आम्हाला कामाला लावलं आणि आमच्याच मतांवर खासदार झाला. मग आईबापांना गावाहून आणणं अवघड करणाऱ्या कायद्यासाठी भट्टीने भाजलेला तोच हात त्याने संसदेत वर केला. त्याच आठवड्यात तो बेकरीत चहाला आला. आमच्यातला हिकमत त्याला चहा द्यायला होता.

"पक्षाचा आदेश होता रे, हिकमत. एकटा पडलो असतो."

"माझी म्हातारी तिकडे एकटीच पडलीय, दादा. तिला तुझा पक्ष दाखवू का?"

नेज्देतदादाने रिकामा पेला पुढे सरकवला. हिकमतने चहा ओतला नाही. त्याने चमचा उचलला आणि स्वतःच त्या पेल्यावर आडवा ठेवला.

चमच्याकडे पाहत दादा उठला, कोट घेतला आणि बाहेर पडला.