जुना पार्ट हातात द्यायचा

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सिरसाळ्यात मोटारसायकलचं गॅरेज होतं. त्यांचा एक नियम होता: काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. झिजलेली बेरिंग, तुटलेली रिंग, काहीही. "बघू दे की त्याला काय निघालं ते. नुसतं सांगून कोन मानतं?" असं म्हणायचे.

मी बीडला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. प्रकाश लाट आहे की कण, या प्रश्नाला दरवर्षी पोरं अडतात आणि दरवर्षी मी चिडतो. "दोन्ही आहे! चित्र डोक्यातून काढा, गणित धरा." खरं सांगायचं तर चित्र माझ्याही डोक्यात नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

मग अण्णांच्या फुफ्फुसात गाठ निघाली. क्लासला सुट्टी टाकून मी लातूरला खोली घेतली, त्यांचा शेक सुरू झाला. आपल्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, पण त्याला ना ऊब, ना उजेड. टेबलावर झोपायचं, उठायचं, खोलीवर यायचं. आठवडाभरात अण्णा बिथरले.

"काय सोडतेत रे आत?"

"किरणं."

"म्हंजे कसली?"

औषधाच्या पाकिटावर मी लाट काढून दाखवली. वर म्हणालो, पण आदळताना ही किरणं बंदुकीच्या गोळीसारखी आदळतात. अण्णांनी पाकीट परत सरकवलं.

"लाट हाय का गोळी, एक सांग बे. बोल्टाला पाना एकच बसतो, चौदाचा न्हाईतर सतराचा."

"अण्णा, त्याचं चित्र निघत नाही. गणित बरोबर येतं."

"चित्र निघत न्हाई तर तुला समजलं कसं? मला न्हाई जायचं उद्या."

डोंबलाचं समजलं होतं मला! पण शेक थांबला तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मी त्यांच्याच गॅरेजातलं चित्र दिलं. म्हटलं, इंजिनाच्या हेडवर साचलेला काळा कार्बन तुम्ही थोडा थोडा घासून काढता ना, तशी ही किरणं गाठ घासतात. दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याआधी चपला घालून दारात उभे. तेव्हापासून रोज सकाळी खाकरायचे आणि बेडका निरखून बघायचे, काही काळं पडलंय का म्हणून. मला ते बघवायचं नाही.

पहिला टप्पा संपल्यावर फोटो काढला. अण्णांनी फिल्म मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काळ्यात एक पांढरा डाग होता.

"हीच ना?"

डॉक्टर म्हणाले, लहान झालीय. उरलंय ते मेलेलंही असेल, फोटोत कळत नाही, पण पुढचा शेक घ्यायलाच हवा. परतताना एस.टी.त मी घसा कोरडा पडेपर्यंत तेच सांगत राहिलो. दिसतंय म्हणजे जिवंतच असेल असं नाही, अण्णा.

परळी मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

"आतापर्यंत म्हनत होतास, दिसत न्हाई पर हाय. आता म्हनतोस, दिसतंय पर न्हाई. मानसानं धरावं तरी काय?"

त्या क्षणी माझ्या साऱ्या शिक्षणाचा इतका संताप आला, की पदवी जवळ असती तर खिडकीतून फेकली असती. सिरसाळ्याला उतरताना त्यांनी फिल्मचं पाकीट माझ्या हातात दिलं.

"पार्ट आतच हाय, मास्तर. काम झालं न्हाई."

पुढच्या शेकाला ते गेले नाहीत. मी पाया पडलो, ओरडलो, रडलो. शेवटी हात टेकले. पावसाळा लागायच्या आत अण्णा गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. सगळ्यांनी अस्थी वेचल्या, राखेवर पाणी मारायला घडा आणला, तरी मी राखेत हात घालून चाळतच होतो. चुलत्यांनी विचारलं, "आता काय हुडकतोस रे?"

"काही नाही," म्हणालो, आणि चाळतच राहिलो.