पायरीवरचा गाऊन

माघातल्या एका मंगळवारी माझी बायको गेली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी मांजर पायरीवर येऊन बसलं.

मांजर तिचं होतं. माझं आणि त्याचं नातं एकाच घरातल्या दोन भाडेकरूंसारखं. वाटेत गाठ पडली तर बाजूला व्हायचं, एवढंच. ते जेवायचं फक्त तिच्या हातचं, आणि तेही घराच्या पुढच्या पायरीवर. आत दिलं तर वास घेऊन निघून जायचं. भातात सुकट कालवून ती बशी ठेवायची आणि ते खाईपर्यंत शेजारी पाटावर बसून राहायची. कर्जतमध्ये पाहुण्यांनाही इतक्या आग्रहानं कोणी वाढत नाही, असं मी एकदा म्हणालो. तुम्ही तुमचं पुस्तक वाचा, म्हणाली.

ती गेल्यावर मांजराने खाणं सोडलं. मी सुकट बदलून पाहिली, दूध दिलं, शेवटी बोंबील भाजले. ते बशीकडे पाहायचं, मग माझ्याकडे, आणि तोंड फिरवायचं. शाळेत मी मुलांचे निबंध साधारण याच चेहऱ्याने वाचत असे. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नाही, पण असंच चाललं तर ते फार दिवस काढणार नाही, असं ते म्हणाले. घरातून आणखी एक जण जाणार, हा विचार मला सोडेना.

दाराआडच्या खुंटीवर तिचा हिरवा, फुलाफुलांचा गाऊन तसाच लटकत होता. एका सकाळी मांजर त्याच्या घेराला नाक लावून बसलेलं दिसलं. मी गाऊन खांद्यावर टाकला आणि पायरीवर जाऊन बशी पुढे केली. त्याने चार शितं चाटली. गाऊन खांद्यावरून घसरला, तसं ते थांबलं. यातून जो निष्कर्ष निघत होता तो मला आवडला नाही. पण निघत होता.

मी गाऊन घातला. ती ठेंगणी, मी उंच. तो जेमतेम पोटऱ्यांपर्यंत आला आणि काखेत काहीतरी उसवलं. रस्त्याकडे पाठ करून पाटावर बसलो. मांजर आलं, बसलं, पण खाईना. तेवढ्यात फाटकाशी गॅसचा टेंपो थांबला आणि मागून पोऱ्याचा आवाज आला, "मावशी, सिलिंडर कुठं ठेवू?" मी मान न वळवता बोटाने कोपरा दाखवला. मावशीची तब्येत बरी दिसत नाही, असं तो ड्रायव्हरला सांगत गेला.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हे सगळं पाहत होत्या.

"सर, वैनींचा गाऊन ना त्यो?" त्या म्हणाल्या. "घाला, घाला. पन उलटा घातलाय तुमी."

आत जाऊन सुलटा घालून आलो. या वेळी मांजराने बशीत तोंड घातलं. आणि फाटक वाजलं.

साजगावचे मेव्हणे आले होते, तिचे थोरले भाऊ, सोबत त्यांची बायको, आमच्या वहिनी. दोघंही पांढऱ्या कपड्यांत; तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचा दिवस ठरवायचा होता. मेव्हणे कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्यासमोर मी लग्नापासून आजवर कधी बनियनवरही बसलेलो नाही.

उठावं तर मांजर खायचं थांबणार. मी बसून राहिलो. इथपर्यंत ठीक होतं. पण कोणी आलं की ती गाऊनवर ओढणी घ्यायची, आणि इतक्या वर्षांत पाहून पाहून ते माझ्या हातात उतरलं असावं. कठड्यावर तिची ओढणी पडली होती. ती मी उचलली आणि दोन्ही खांद्यांवरून व्यवस्थित घेतली. त्यानेच घात झाला. तोवर गाऊन लांब झब्बा म्हणून खपलाही असता.

वहिनींनी पदर तोंडात धरला आणि मोगऱ्याच्या कुंडीकडे वळून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, पण त्या रडत नव्हत्या. मेव्हणे जागच्या जागी थिजले. मी हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं: मांजराचा उपास, डॉक्टर, खुंटी. सांगावं तसं ते जास्तच वेड्यासारखं वाटत गेलं.

"खातंय का?" त्यांनी विचारलं.

"खातंय."

ते फाटकाशीच उकिडवे बसले. बशी चाटल्याचा आवाज तिथवर जात होता. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"मग उठू नका, दाजी," ते म्हणाले. "फक्त वरचं बटण लावा."

आता वहिनी मोठ्याने हसल्या. मलाही हसू आलं, पण हललो नाही. बशीत अजून भात होता.

पुढे गाऊन हळूहळू सुटला. आधी अंगावरून मांडीवर आला, मग नुसता शेजारी, आणि मग त्याचीही गरज उरली नाही. शेजारच्या काकूंना मात्र हे पसंत नाही. हिरवा तुम्हाला शोभत होता, असं त्या अजून म्हणतात.

घरात आता मी आहे आणि मांजर आहे. ते माझ्या हातचं खातं.