दोन चुलींचा स्मोकर

दादा गेल्याचं मला भाचीने, सुजाताने, फोनवर सांगितलं. "आत्या, बाबा इज गॉन," एवढंच. सकाळी ऑफिसला निघताना गॅरेजमध्येच कोसळला, हार्ट अटॅक. मला रडायलाही सुचेना. गाडी काढली, प्लेनोच्या त्यांच्या घरी गेले आणि वहिनीजवळ नुसती बसून राहिले. राग आला तो संध्याकाळी, मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला तेव्हा. 'आपल्या मंडळाचे लाडके बल्लवाचार्य अशोकजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेल्यांची ही लांब रांग. बल्लवाचार्य! ज्याच्या हातचा एक घास मंडळाच्या पानात पडू दिला नाही, तो मेल्याबरोबर लाडका झाला... मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. आता काही आठवडे झालेत. लोक म्हणतात, लिही, मन हलकं होईल. हलकंबिलकं काही होत नाही, पण लिहिते.

आम्ही नागपूरचे. बाबा कारखान्यात वेल्डर होते आणि दादाला पेन धरायच्या आधी वेल्डिंगचा रॉड धरता येत होता, असं आई म्हणायची. पुढे तो शिकला, सॉफ्टवेअरमध्ये गेला, टेक्सासला आला, माझ्याही येण्याचं त्यानेच बघितलं. पण शनिवार उजाडला की स्वारी भंगाराच्या यार्डात. ऑफिसातल्या कुणीतरी बार्बेक्यूचा नाद लावला. आता विकतचा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची लोखंडी भट्टी, आणेल तर तो दादा कसला! त्याने गॅसची एक जुनी मोठी टाकी आणली, बोट वाहायचा मोडका ट्रेलर आणला, कुठल्याशा ट्रकच्या सायलेन्सरचा पाइप आणला, तो म्हणे धुराडं होणार. अशी टाकी कापण्याआधी पाण्याने काठोकाठ भरायची असते, नाहीतर आत उरलेल्या गॅसचा भडका उडतो. ते पाणी ओतलं तेव्हा असा घाण वास सुटला की वहिनी ओरडली, "हे घर आहे का भंगाराचं दुकान?" दादा तोंडावरचा मास्क वर करून म्हणाला, "दम धर ना वं जरा. कोंबडी खाशील तर नाव घेशील." आणि खरंच घेतलं तिने नाव. सावजी मसाला लावलेली कोंबडी, पाच-सहा तास ओकच्या लाकडाचा मंद धूर... हाड हातात घ्यावं तर मांस आपोआप सुटायचं.

शेजारचे गोरे, ऑफिसातले मेक्सिकन, तेलुगू, सगळे त्याच्या अंगणात येऊन खाऊन जात. बीफही करायचा, आणि कुणापासून लपवायचा नाही. पण मन भरत नव्हतं त्याचं. त्याला तो स्मोकर गाडीला जोडून मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला न्यायचा होता. आमचे बाबा गावच्या लग्नात शेवटच्या पंगतीला, तेही बाहेर, मातीवर बसलेले. दादाला तिथे बसायचं नव्हतं, वाढायचं होतं. "आपल्या माणसांना एकदा खाऊ घालू दे," म्हणायचा. मी म्हटलं, "ते मानतात का तुला आपला?" तर म्हणे, "तू आधीच चिडून काऊन राहिली? विचारू तर दे."

विचारलं. अध्यक्षीणबाई गोड हसल्या. "कल्पना छानच आहे हो अशोकजी, पण आपल्याकडे व्हेज लोक बरेच. आणि तुम्ही त्यात ते... ते पण करता ना?" दादाला हे पटलं. कुणाचं मन का मोडायचं? त्याने ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी टाकी जोडली, वेगळं दार, वेगळी जाळी, वांगी-कणसं-पनीरसाठी. बाईंना फोटो पाठवला. "वा, वा! पण धूर तर एकच ना हो?" मला वाटलं, आता तरी हा भडकेल. छे! हा पुन्हा यार्डात. छोट्या टाकीला वेगळी चूल केली, वेगळं धुराडं केलं. अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये ठिणग्या उडत होत्या. इकडचा धूर चुकूनही तिकडे जाणार नाही, हे तो मला हात धरधरून दाखवत होता. मी म्हटलं, "दादा, बस झालं." पण त्याला वाटत होतं, अडचण लोखंडात आहे. लोखंडातली कुठलीही अडचण त्याला सोडवता यायची.

मग उत्तर आलं, "अहो, पण ट्रेलर तर एकच. मला स्वतःला काही नाही हो, लोकांच्या मनात येतं."

पिकनिकला त्या वर्षी हायवेवरच्या बार्बेक्यूवाल्याकडून कोंबडी मागवली होती. त्याच्याकडे गाय, डुक्कर, कोंबडी एकाच भट्टीत, एकाच सुरीने. त्याचा धूर कुणी विचारला नाही. बाईंनी दोनदा घेतली, मी समोर बसले होते. प्रश्न मांसाचा नव्हता, धुराचा नव्हता, ट्रेलरचाही नव्हता. आमच्या आडनावाचा होता. हे तिथे सगळ्यांना कळत होतं, सगळे बोटं चाटत होते. दादा घरी येऊन एवढंच म्हणाला, "बाबांना नको सांगू." बाबा जाऊन किती वर्षं झाली होती...

आमच्या बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर बाईंचा मला फोन आला. यंदाच्या पिकनिकला अशोकजींच्या स्मरणार्थ एक काउंटर ठेवायचा विचार आहे म्हणाल्या. "त्यांचा तो व्हेजचा भाग आहे ना, तेवढा सुटा काढून देता येईल का?"

"माझ्या भावाला तुम्ही जिवंतपणी तोडलंत," मी म्हटलं, "आता त्याचं लोखंड तोडायला मी देणार नाही." आणि फोन ठेवला. तशीच दादाच्या घरी गेले.

मागच्या अंगणात स्मोकर उभा होता. मोठ्या टाकीचं दार उघडलं तर आत सगळं काळंभोर, चरबीने चकाकणारं, इतक्या माणसांचं जेवण तिथे झालेलं. मग छोटीचं दार उघडलं. आत काजळीचा ठिपका नव्हता. जाळी नवीकोरी, चुलीत राखेची चिमूट नाही. टेक्सासच्या हवेत कोरं लोखंड असं राहत नाही, दोन पावसांत गंजतं. मी सुजाताकडे बघितलं.

"ही नेव्हर लिट इट, आत्या," ती म्हणाली. "पहिल्यांदा पिकनिकलाच पेटवणार होता ना. दर महिन्याला आतून तेल लावायचा. गेला त्याच्या आदल्या संडेला पण लावलं."

मी आत हात घातला. तेल अजून ओलं होतं.