लाभ, दोन, तीन

कम्प्युटर खोटं बोलत नाही, हे मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांतल्या एकालाही कम्प्युटर धड बंद करता येत नव्हता. मध्य प्रदेशातल्या वारासिवनीच्या राइस मिलचे सेठ त्यांत पहिले. "बेटी, कम्प्यूटर झूठ नहीं बोलता, आदमी बोलता है," असं ते माझ्या तोंडावर म्हणाले. ज्या कम्प्युटरबद्दल बोलत होते त्यातला प्रोग्राम मी लिहिलेला होता. आणि आदमी म्हणजे माझे मामा.

मामा त्या मिलच्या काट्यावर बसतात. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला भलामोठा तराजू. धानाची ट्रॅक्टर-ट्रॉली आधी भरलेली तोलायची, माल उतरवून आली की रिकामी तोलायची, आणि दोन्हींतला फरक चिठ्ठीवर छापायचा. काटा यायच्या आधी मामा तिथेच मापारी होते. लाकडी मापाने धान मोजायचे आणि मोठ्याने आकडा पुकारायचे. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. मी लहानपणी आकडे तसेच शिकले आणि पहिलीच्या वर्गात त्यापायी छडी खाल्ली.

नोकरी लागल्यावर मी हौसेने मिलला प्रोग्राम लिहून दिला, तेव्हा मामांची एकच मागणी होती. "दिवसाच्या पयल्या चिठ्ठीवर एक नोको. लाभ छापजो, बाई." मी छापला. चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरांत माझं नावही छापलं. ते मात्र कुणी मागितलं नव्हतं.

इतकी वर्षं सगळं सुरळीत होतं, कारण कुणी तपासतच नव्हतं. यंदा सेठने उतरलेले कट्टे, म्हणजे धानाची पोती, मोजायला वेगळा माणूस ठेवला, आणि काट्याचं वजन व कट्टे जुळेनात. कधी दोन कट्ट्यांचा फरक, कधी चारांचा. वजनापेक्षा कट्टे जास्त निघाले तर सेठ गप्प, कमी निघाले तर बोंबाबोंब. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी भर अंगणात, हमालांसमोर, मामांना चोर म्हटलं आणि काट्यावरून उठवलं. सीझन संपेपर्यंत खुलासा झाला नाही तर कायमची सुट्टी, असंही सांगितलं. ज्या माणसाने हयातभर मापावरचा एक दाणा इकडचा तिकडे केला नाही, त्याला.

मी बालाघाटहून बस पकडून मामांच्या घरी गेले. दारातच ते नेहमीप्रमाणे माझ्या पाया पडले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाची असली तरी पडतो, आणि भाचीला त्याचं काही वाटेनासं होतं. चहा झाल्यावर मामा म्हणाले, "फरक सकायच्या पयल्या गाडीतच येऊन राह्यला, बाई. मी ध्यान देऊन पाह्यलं."

"मामा," मी म्हटलं, "मशीनला सकाळ-संध्याकाळ कळत नाही."

ते "हौ" म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कम्प्युटरवाल्या भाचीला जास्त कळतं, असा त्यांचा समज होता. माझाही होता.

मिलमधला कम्प्युटर म्हणजे एक अडगळच. काट्याला जोडणारं कार्ड ज्या कंपनीने बनवलं ती केव्हाच गाशा गुंडाळून गेली आणि ते कार्ड चालतं फक्त एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. म्हणून सगळी दुनिया पुढे गेली तरी हा डबा तिथेच. तो कुणी बंदही करत नाही, कारण बंद केला तर पुन्हा उठेल याची खात्री नाही. महिनोन्‌महिने माझा प्रोग्राम त्यावर सलग चालू असतो. घरी माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम मी शंभरदा चालवला. एकदाही चुकला नाही.

आता चालू प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते पाहायचं, तर डीबगर लागतो. चांगला डीबगर तुम्हीच लिहिलेली ओळ समोर धरतो आणि सांगतो, या क्षणी प्रोग्राम इथे उभा आहे, आणि मेमरीच्या या या खणांत हे हे आकडे आहेत. त्या जुन्या सिस्टिमसोबत आलेला डीबगर नुसत्या आकड्यांच्या रांगा ओकायचा. म्हणून मी ठरवलं, आजचा फुकट मिळणारा डीबगर त्या डब्यावर चालेल असा करून घ्यायचा. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, तर सगळ्या जगाला उघडा आहे. हे आठवडाभराचं काम आहे, असं मी पुण्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते मनापासून हसले.

इंटरनेटवर मदत मागितली. एका विद्वानाने लिहिलं, सिस्टिम अपग्रेड करा. दुसऱ्याने लिहिलं, अशी सिस्टिम वापरणाऱ्यांनी आधी स्वतःला अपग्रेड करावं. त्या उत्तराला चाळीसेक लोकांनी अंगठे दिले होते. यांतल्या एकाच्याही मामाला कुणी चोर म्हटलेलं नसणार. मग मी मदत मागायचा नाद सोडला. बालाघाटच्या एका कबाड्याकडून तसाच एक जुना कम्प्युटर उचलला, त्यातली पालीची अंडी काढली आणि घरी मांडला.

पहिले दोन आठवडे डीबगर त्यावर बांधलाच जाईना, म्हणजे त्या सोर्सपासून चालणारा प्रोग्राम तयारच होईना. तो मागायचा त्यांतल्या निम्म्या सोयी जुन्या सिस्टिमला ठाऊकच नव्हत्या. एकेक सोय मी हाताने लिहून दिली. मग बांधला गेला, पण थांबवायला सांगितलेला प्रोग्राम थांबवायच्या ऐवजी मारून टाकायचा. नवी सिस्टिम दुसऱ्याच्या प्रोग्रामला हात लावायची परवानगी एका तऱ्हेने देते, जुनी दुसऱ्या तऱ्हेने, आणि ती दुसरी तऱ्हा कुठेच नीट लिहून ठेवलेली नव्हती. ज्यांनी ती सिस्टिम बनवली त्यांना आपल्यानंतरही माणसं जगणार आहेत याची कल्पना नसावी. मी शिव्या घालत गेले, ओळी बदलत गेले. दिवसा नोकरीचं काम, मधल्या वेळात हे. घरच्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, ते बरंच झालं.

सहाव्या आठवड्यात डीबगर शहाण्यासारखा वागला. कबाड्याच्या डब्यावर त्याने प्रोग्राम थांबवला, ओळ दाखवली, सोडला, आणि प्रोग्राम जिवंत राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी वारासिवनीला गेले. सेठने "करके देख लो" म्हणत हात हलवला. मी चालू प्रोग्रामला डीबगर लावला आणि वाट पाहत बसले. पहिली ट्रॉली आली, भरलेली तोलली गेली. प्रोग्राम थांबला आणि एक ओळ समोर आली.

ती ओळ सांगत होती, चिठ्ठीचा नंबर शून्य असेल तर काट्यावर गाडी नाही असं समज आणि वजन जुनंच राहू दे. आणि 'लाभ' मी शून्य म्हणून ठेवला होता. शून्य आलं की 'लाभ' छाप, पुढे दोन, तीन. तेवढंच सोपं पडलं होतं तेव्हा. म्हणजे दिवसाच्या पहिल्या गाडीचं भरलेलं वजन प्रोग्राम घेतच नव्हता. खणात आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या गाडीचं वजन पडलेलं असायचं, तेच धरायचा. ट्रॉल्या सगळ्या जवळपास सारख्या भरतात, म्हणून फरक दोन-चार कट्ट्यांचाच पडायचा. आणि घरी मी दर वेळी प्रोग्राम नव्याने सुरू करून पहिली चिठ्ठी चाचणीची म्हणून फाडून टाकत होते. नेमकी तीच.

मला त्या खुर्चीत बसवेना. सहा आठवडे मी सेठला, कार्डवाल्या कंपनीला, सिस्टिमवाल्यांना, इंटरनेटवरच्या विद्वानांना मूर्ख म्हणत होते. ओळ माझी होती.

मी मामांना बोलावून घेतलं, सेठला अंगणात बोलावलं आणि हमालांसमोर मोठ्याने सांगितलं, चूक माझी आहे, मामांची नाही.  "चलो, काँटा तो ठीक हुआ न," सेठ म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले. माफी मागायची असते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते शिकवणारा डीबगर अजून निघायचा आहे.

ओळ दुरुस्त झाली. 'लाभ' मी तसाच ठेवला. मामा खुर्चीवर बसले आणि त्यांनी उपरण्याने कीबोर्ड पुसला. मी विचारलं, "पहिल्या गाडीचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी नाही ऐकलं, ते राहू द्या. सेठला का नाही सांगितलं? कट्टे मोजून त्यांनाही पटलं असतं."

"मंग सेठ म्हनला असता, प्रोग्राम कोनं लिवला?" मामा म्हणाले. "चिठ्ठीवर तुयं नाव हाय, बाई. मले चोर म्हनलं तं मी घरी बसलो. भाचीवर बोट कसं दाखवू?"

मला रडू आलं, आणि ते लपवायला म्हणून मी त्यांच्या पायांकडे वाकले. मामा खुर्चीवरून ताडकन उठून मागे सरले, जणू मी त्यांच्यावर हात उगारला होता. "काहून पाप लावतं मले?" असं म्हणून ते स्वतःच वाकले आणि माझ्या चपलांवर त्यांनी डोकं टेकवलं. मला मागे सरायचंही सुचलं नाही.